ट्रेनने शांत युरोप बघायचा तर आधी हॉटेलचा मंगळवारचा रेट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही दोघं, साठीच्या अलीकडे-पलीकडे, नाशिकचे. मागे ग्रुप टूरने दहा दिवसांत सहा देश झाले, आणि त्यातली बसच सगळ्यात जास्त लक्षात राहिली. आता अठरा रात्री हातात आहेत, सप्टेंबर किंवा ऑक्टोबर, तारखा अजून ठरायच्यात. विमान पॅरिसला उतरणार, परत व्हिएन्नाहून. मधलं सगळं ट्रेनने. गर्दी नको, जेवण शाकाहारी (अंडं चालतं), आणि वहिनींच्या गुडघ्याला जिने झेपत नाहीत. ‘तर शांत शहरं सुचवा.’

नावं देतो, पण आधी प्रश्न जरा फिरवून घेऊ. ‘कोणतं शहर शांत आहे?’ याला सरळ उत्तर नाही, कारण एकाच शहरात सकाळी अकराला पाय ठेवायला जागा नसते आणि संध्याकाळी सातला रस्ते मोकळे असतात. विचारायचं ते असं: या गावात दिवसा बाहेरून कोण येतं, कशाने येतं आणि किती वाजता निघून जातं? लोकांचे युरोपचे कार्यक्रम आखून देणं हे माझं रोजचं काम आहे. नवीन गावाचं नाव समोर आलं की मी आधी हेच तपासतो, प्रेक्षणीय स्थळं नंतर.

छोटं गाव म्हणजे शांत गाव, हा समज तर डोक्यातून काढूनच टाका. ऑस्ट्रियातलं हालस्टाट घ्या. वस्ती हजाराच्या आत, एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला कडा. फोटो बघून वाटतं इथे चिटपाखरू नसेल. प्रत्यक्षात हंगामात रोज हजारो माणसं तिथे बसमधून उतरतात, आणि त्या सगळ्यांना चालायला मुख्य रस्ता एकच. चेक रिपब्लिकमधल्या चेस्की क्रुमलोव्हचं तेच, बेल्जियममधल्या ब्रूजचं तेच. याउलट जर्मनीतलं ऑग्सबुर्ग किंवा ऑस्ट्रियातलं ग्राझ ही प्रत्येकी तीन लाखांच्या आसपास वस्तीची शहरं. तिथे कारखाने आहेत, विद्यापीठं आहेत, हॉस्पिटलं आहेत, लोक आपापल्या कामाला चाललेले असतात. प्रवासी आले तरी त्या गर्दीत विरून जातात. भर दुपारी मुख्य चौकात बाकावर जागा मिळते आणि कॉफी शेजारच्या टेबलावरच्या पेन्शनरला पडते त्याच भावात मिळते. तुम्हाला हवी आहे ती शांतता बहुधा हीच. निर्जन जागा हवी असेल तर मात्र माझं पुढचं सगळं उत्तर गैरलागू आहे.

आता मंगळवारच्या रेटचं. हॉटेल बुकिंगच्या कुठल्याही साइटवर जा. मनातल्या गावातलं स्टेशनजवळचं एक साधं, थ्री-स्टार हॉटेल निवडा. तुमच्या महिन्यातल्या एका मंगळवारचा रेट बघा आणि त्याच आठवड्यातल्या शनिवारचा बघा. शनिवार बराच महाग निघाला तर ते गाव सुट्टीला येणाऱ्यांवर चालतं. तिथे सोमवार ते गुरुवार खुशाल राहा, शुक्रवारी संध्याकाळी मात्र बाहेर पडा. मंगळवार महाग आणि शनिवार स्वस्त निघाला तर ते कामाधंद्याचं शहर. तिथे शनिवार-रविवार मुद्दाम घाला, खोली चांगली मिळते आणि शहर सुस्तावलेलं असतं. दोन्ही दिवस सारखेच आणि माफक असतील तर प्रश्नच मिटला. आणि दोन्ही दिवस आभाळाला भिडलेले असतील तर त्या आठवड्यात तिथे काहीतरी आहे, जत्रा, मोठं प्रदर्शन किंवा मॅरेथॉन. ते काय आहे हे शोधा आणि तारखा हलवा. ‘युरोपातली दहा अनोळखी शहरं’ छापाच्या याद्यांपेक्षा या पाच मिनिटांच्या उद्योगावर माझा जास्त भरवसा आहे. यादी लिहिणारा कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी गेला होता ते आपल्याला कळत नाही. हॉटेलवाल्याला मात्र आपल्या गावात कधी किती माणूस येतो ते बरोबर ठाऊक असतं.

यात एक गोष्ट पकडली जात नाही: दिवसापुरते येऊन जाणारे. त्यांना खोली लागत नाही, म्हणून रेटमध्ये ते दिसत नाहीत. त्यासाठी नकाशावर दोन गोष्टी बघा. गाव एखाद्या राजधानीपासून तास-दीड तासावर आहे का, आणि मोठ्या नदीवर असेल तर रिव्हर क्रूझ तिथे थांबते का. जर्मनीतलं रेगेन्सबुर्ग मला मनापासून आवडतं. बाराव्या शतकातला दगडी पूल तिथे अजून पायी ओलांडता येतो. पण गाव डॅन्यूबवर आहे, आणि बोटी धक्क्याला लागल्या की दुपारभर गल्ल्यांमध्ये झेंडीवाल्या गाईडमागे रांगा चालतात. म्हणून रेगेन्सबुर्ग टाळावं असं नाही. तिथे राहावं, आणि दुपारचं जेवण व झोप याच वेळेत उरकावी.

तुमच्या तारखांबद्दल. म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट नावाला ऑक्टोबरचा, सुरू होतो १५ सप्टेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी आणि संपतो साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. त्या काळात म्युनिकमध्ये खोल्या मिळेनाशा झाल्या की माणसं ऑग्सबुर्गपर्यंत पसरतात, आणि रात्रीच्या लोकल गाड्यांमध्ये बियर चढलेली मंडळी गात असतात. त्यांना मजा येते, तुम्हाला येईलच असं नाही. सप्टेंबरच्या मध्याला निघालात तर नेमके यात सापडाल. म्हणून माझा कौल: ३० सप्टेंबर किंवा १ ऑक्टोबरला पॅरिसला उतरा. जर्मनीत पोचेपर्यंत ती जत्रा बहुधा उठलेली असेल. ऑक्टोबरात स्वेटर आणि हलकं जाकीट लागेल, अंधार लवकर पडेल, अधूनमधून पाऊसही होईल. ते चालणार नसेल तर सप्टेंबरच्या पहिल्या तारखेलाच निघा आणि पंधराच्या सुमारास म्युनिकच्या पुढे गेलेले असा. तसं केलंत तर ग्राझमध्ये सप्टेंबरच्या मध्याला ‘आउफश्टायर्न’ नावाचा लोकसंस्कृतीचा मोठा उत्सव असतो, तेवढा शनिवार-रविवार तिथे टाळा. तारखा हलवणं शक्यच नसेल तर ऑग्सबुर्गऐवजी त्याच लाइनवर पॅरिसच्या बाजूला असलेलं उल्म घ्या. तिथल्या चर्चचा मनोरा १६१.५ मीटर. ऑक्टोबर २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या सग्रादा फामिलियाने मागे टाकेपर्यंत जगातलं सगळ्यात उंच चर्च तेच होतं. वर जायला ७६८ पायऱ्या आहेत, तेव्हा वहिनींनी खाली चौकात कॉफी घ्यावी.

आता मार्ग. पॅरिसला एक रात्र, फ्रान्समधल्याच नान्सीला चार, ऑग्सबुर्गला चार, साल्झबुर्गला एक, ग्राझला पाच, व्हिएन्नाला तीन. एकूण अठरा, मुक्काम मोजून सहा. ‘चार दिवस एकाच गावात काय करायचं’ असं घरून कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या.

पॅरिस तुमचं झालेलं आहे, म्हणून एकच रात्र. तीसुद्धा गार द लेस्त या स्टेशनाजवळ. विमानातून उतरून त्याच दिवशी पुढची गाडी पकडू नका. आगाऊ काढलेलं स्वस्त तिकीट त्या विशिष्ट गाडीलाच बांधलेलं असतं. विमान उशिरा आलं किंवा इमिग्रेशनला रांग लागली की तिकीट वाया. आणि एक सावधगिरी: बुकिंग करताना ‘लोरेन टीजीव्ही’ (टीजीव्ही म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान गाडी) नावाचं स्टेशन दिसेल, विमानतळावरून थेट गाडीसुद्धा दाखवेल. ते स्टेशन नान्सी आणि मेट्झच्या मध्ये, शेतात आहे, तिथून पुढे बस. फ्रान्समध्ये नावात ‘टीजीव्ही’ असलेली अशी बरीच स्टेशनं गावाबाहेर आहेत. तुम्हाला हवं ते ‘नान्सी व्हिल’, गावातलं. पॅरिसहून दीड तास.

नान्सीची शिफारस मी का करतो? पॅरिसहून स्ट्रासबुर्गला जाणारी परदेशी मंडळी वेगळ्या गाडीने परस्पर निघून जातात, म्हणून. गाव मात्र असं आहे की ते पॅरिसजवळ असतं तर तिकीट लावून दाखवलं असतं. प्लास स्तानिस्लास हा चौक १७५० च्या दशकात बांधला. पोलंडचं राज्य गमावलेले आणि पंधराव्या लुईचे सासरे असलेले स्तानिस्लास तेव्हा लोरेनचे ड्यूक होते, त्यांनी तो जावयाच्या सन्मानार्थ उभा केला. मधला पुतळा आता सासऱ्यांचाच आहे. चौकाच्या कोपऱ्यांवर जाँ लामूरने घडवलेली लोखंडी, सोनेरी मुलामा दिलेली फाटकं आहेत. सकाळी त्यांच्यावर तिरकं ऊन पडतं तेव्हा जा. १९८३ पासून हा चौक जागतिक वारसा आहे. २००५ पासून तिथे गाड्यांना बंदी आहे, जमीन सपाट आहे, कडेने कॅफे. गुडघ्यासाठी उत्तम. स्टेशनवरून चालत पंधरा मिनिटं. दुसऱ्या दिवशी आर नूव्हो (१९०० च्या सुमाराची, वेलीफुलांच्या वळणांची) शैलीची घरं, व्हिला माजोरेल आणि त्याच शैलीच्या इथल्या कलावंतांच्या ‘एकोल द नान्सी’ या गटाचं म्युझियम. चौकातल्याच कलासंग्रहालयात तळघरात दोम कंपनीच्या काचसामानाचा मोठा संग्रह आहे, तो चुकवू नका. फ्रान्समध्ये बरीच म्युझियम्स मंगळवारी बंद असतात आणि जर्मनीत सोमवारी, हे लक्षात ठेवून दिवस लावा.

खाण्याचं: या भागाचं नाव लावणारा ‘कीश लोरेन’ (अंडं-सायीचा भाजलेला खारा पाय) दिसायला शाकाहारी वाटतो, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. भाज्यांचा कीश वेगळा मिळतो, विचारून घ्या. स्वयंपाकघरं दुपारी बारा ते दोन आणि मग संध्याकाळी सातनंतर. चार वाजता भूक लागली तर बेकरीशिवाय काही नाही. म्हणून अशा गावांत मी छोटं किचन असलेली खोली घ्यायला सांगतो. पोह्या-उपम्याची पाकिटं, भाजीबाजारातली फळं, दही, ताजा ब्रेड. एक वेळ बाहेर, एक वेळ घरात. चार रात्रींच्या मुक्कामाला याची खरी मजा आहे, एका रात्रीत तेलाची बाटलीसुद्धा उघडून होत नाही.

नान्सी ते ऑग्सबुर्ग हा तुमच्या प्रवासातला सगळ्यात किचकट दिवस. नान्सीहून स्ट्रासबुर्ग दीड तास, तिथून स्टुटगार्ट, तिथून उल्ममार्गे ऑग्सबुर्ग. जर्मन रेल्वेच्या वेळेच्या पक्केपणाची जी ख्याती आपण ऐकून असतो ती विसरा. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी वेळेवर पोचल्या ६२.५ टक्के, आणि पाच-सहा मिनिटांपर्यंतचा उशीर ते वेळेवरच धरतात. ॲप तुम्हाला नऊ मिनिटांत गाडी बदला म्हणेल. तुम्ही निदान चाळीस मिनिटांची फट ठेवा. स्टुटगार्टला तर जास्तच, कारण नव्या भूमिगत स्टेशनाचं काम २०१० पासून चालू आहे आणि फलाटापर्यंत पोचायला भलामोठा वळसा पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्ट्रासबुर्ग ते ऑग्सबुर्ग हे एकच तिकीट म्हणून काढा, तुकडे करून नको. एका तिकिटावर पहिली गाडी लेट झाली आणि पुढची चुकली, तर पुढच्या कुठल्याही गाडीने जाता येतं. तीन तिकिटं तीन साइटवरून स्वस्तात काढली असतील तर चुकलेल्या गाडीचं तिकीट गेलं. पाच-दहा युरो वाचवायला लोक हे करतात. नका करू.

गाडीत चढण्याबद्दल एक बारकावा. फलाटावर ए, बी, सी, डी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि तुमचा डबा कुठल्या अक्षराखाली येणार ते बोर्डवर दिसतं. आधीच तिथे जाऊन उभे राहा. ऑग्सबुर्गसारख्या मधल्या स्टेशनला गाडी दोन मिनिटं थांबते, त्यामुळे उतरायचं असेल तर आधीच्या स्टेशनपासूनच सामान दाराशी आणायला लागा. काही लोकल गाड्या तर वाटेत तुटतात: म्युनिकहून दक्षिणेला जाणारी गाडी होल्त्सकिर्शनला सुटी होते आणि डबे वेगवेगळ्या गावांना जातात. बसण्याआधी डब्यावरचं नाव वाचायची सवय लावून घ्या. दुमजली टीजीव्ही असेल तर खालच्या मजल्याची सीट मागा. आणि बॅग प्रत्येकी एकच, जी स्वतःला एका हाताने दोन पायऱ्या चढवता येते तेवढी. लिफ्ट बंद असण्याची शक्यता युरोपातही असते.

ऑग्सबुर्ग. म्युनिकपासून पाऊण तासाच्या आत, म्हणून सगळे म्युनिकलाच उतरतात. इथे एक जागा अशी आहे की तिच्यासाठी मी लोकांना वाट वाकडी करायला लावतो: फुगेराय. याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये शहरातल्या गरजू लोकांसाठी बांधलेली वसाहत, आणि त्यात आजही माणसं राहतात. वर्षाचं भाडं तेव्हा एक गुल्डन (त्या काळचं नाणं) ठरलं, आज त्याचे ८८ सेंट होतात, अजून तेवढंच. त्यात दिवसाला तीन प्रार्थना करण्याची अट. (तुम्हाला आत जायला तिकीट आहे आणि ते वर्षाच्या भाड्याच्या कितीतरी पट आहे.) पिवळसर भिंतींच्या घरांच्या रांगांमधून हिंडताना दारांवरच्या घंटांच्या मुठी बघा. प्रत्येक दाराची मूठ वेगळ्या आकाराची, कुठे तीन पाकळ्यांची, कुठे पाइनच्या फळासारखी. रस्त्यावर दिवे नसायचे तेव्हा अंधारात चाचपून आपलं दार ओळखता यावं म्हणून. रात्री दहाला फाटक बंद होतं, आणि उशिरा येणाऱ्या रहिवाशाने पहारेकऱ्याला किरकोळ दंड द्यायचा.

शहराचे जुने कालवे, पाण्याचे मनोरे आणि कारंजी मिळून २०१९ मध्ये जागतिक वारसा झाले. ते बघत चालायला अर्धा दिवस ठेवा. जेवायला केझश्पेट्झले मिळतं: चीजमधल्या अंड्याच्या शेवया, वर तळलेला कांदा. एक प्लेट दोघांना पुरते.

रविवारचं आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्याकडची माणसं इथे हमखास गोंधळतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद. सुपरमार्केट, कपड्यांची दुकानं, सगळी. मोठ्या स्टेशनातली दुकानं तेवढी उघडी असतात. ग्रुप टूरमध्ये हे जाणवत नाही. स्वतंत्र फिरताना शांत शहरातला रविवार दुपारी तीनला इतका शांत होतो की काही जणांना करमत नाही. तुमच्यापैकी एकाचा जरी स्वभाव असा असेल तर रविवार नेहमी मोठ्या शहरात येईल असा कार्यक्रम लावा. तुमच्या बाबतीत शेवटचा रविवार व्हिएन्नात पाडता येईल. हे मी बाहेरून ठरवू शकत नाही, घरात बोलून घ्या.

ऑग्सबुर्ग ते साल्झबुर्ग बायर्न-तिकीट (बव्हेरिया प्रांताचं एका दिवसाचं तिकीट) काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, दोघांना बरंच स्वस्त पडतं. फक्त लोकल व रिजनल गाड्यांना चालतं, सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच, आणि सीमेपलीकडच्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंत वैध असतं. तिकिटावर नावं लिहावी लागतात. म्युनिकला गाडी बदलून तीन तासांचा प्रवास, प्रीनच्या आसपास उजव्या बाजूला आल्प्स जवळ येतात. या सीमेवर गाडीत पोलिस तपासणी होऊ शकते. जर्मनीने सप्टेंबर २०२४ पासून सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर ती सुरू केली आहे. पासपोर्ट अंगावर ठेवा, वरच्या रॅकवरच्या बॅगेत नको.

‘साल्झबुर्ग तर गर्दीचं, मग ते का?’ कारण तिथून ग्राझ अजून चार तास आहे, आणि एका दिवसात एवढं बसून गुडघा आखडेल. एक रात्र स्टेशनजवळ राहा. पाच वाजता पोचा, बसवाले परतीला लागलेले असतात, जुनं शहर संध्याकाळी मोकळं मिळतं. सकाळी नऊच्या आत निघा, ते पुन्हा यायच्या आधी. गर्दीच्या गावातही तिथे झोपणाऱ्याला चांगले तास मिळतात, दिवसापुरतं येणाऱ्याला नाही. ब्रूजलाही हाच नियम लावा.

साल्झबुर्ग ते ग्राझ थेट गाडी एन्स नदीच्या खोऱ्यातून जाते. वेगाच्या दृष्टीने यथातथाच, खिडकीच्या दृष्टीने अप्रतिम. दोन सीट रिझर्व्ह करा. ऑस्ट्रियात रिझर्व्हेशनची सक्ती नाही, म्हणजेच तिकीट असूनही उभं राहावं लागू शकतं.

ग्राझसाठी पाच रात्री मी मुद्दाम ठेवल्या. ऑस्ट्रियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, विद्यार्थ्यांनी भरलेलं, त्यामुळे आठवड्याच्या मधल्या रात्रीही खाणावळी चालू. मधोमध श्लॉसबेर्गची टेकडी. वर जायला २६० पायऱ्या आहेत, त्या सोडा, खडकातून वर जाणारी लिफ्ट आहे आणि १८९४ पासूनची दोरीची रेल्वेही आहे. वरच्या घड्याळाच्या मनोऱ्याकडे बघून वेळ चुकेल: त्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं. आधी एकच काटा होता, तासाचा, लांबून दिसावा म्हणून मोठा. मिनिटांचा नंतर आला, तो लहान करावा लागला. १८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने वरचा किल्ला पाडायला घेतला तेव्हा गावकऱ्यांनी पैसे भरून हा मनोरा वाचवला.

ऑक्टोबर म्हणजे इथे भोपळ्याचा हंगाम. भोपळ्याच्या बियांचं काळपट हिरवं तेल या प्रांताची ओळख, सॅलडवर घालतात आणि चक्क व्हॅनिला आइस्क्रीमवरसुद्धा. ‘केफरबोनेन’ नावाचं मोठ्या घेवड्याच्या दाण्यांचं सॅलड कांदा आणि हेच तेल घालून येतं. उसळ आवडणाऱ्या माणसाला ते परकं वाटत नाही. सकाळचा बाजार कायझर-योझेफ-प्लात्सला, रविवार सोडून. तेलाची बाटली घेतलीत तर चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

ग्राझहून एका दिवसात ऑस्ट्रियातल्याच क्लागेनफुर्ट शहराला जाऊन या. डिसेंबर २०२५ मध्ये कोरालम लाइन सुरू झाली, त्यावरच्या साधारण ३३ किलोमीटरच्या बोगद्यामुळे पूर्वी वळसा घालून जवळजवळ तीन तासांचा असलेला प्रवास पाऊण तासावर आला. नवीन लाइनवरची गावं काही वर्षं तरी टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात उतरत नाहीत, तेवढ्यात बघून घ्यावीत.

ग्राझ ते व्हिएन्ना अडीच तासांच्या थोडं वर. हा सेमरिंग घाट. इंजिनिअर कार्ल फॉन गेगाने १८४८ ते १८५४ मध्ये इथला रेल्वेमार्ग बांधला, सोळा मोठे पूल, बरेच बोगदे, आणि १९९८ पासून जागतिक वारसा. आपल्या बोरघाटाचं काम सुरू झालं १८५६ मध्ये, म्हणजे त्याच पिढीचं काम. खाली नव्या पायथ्याच्या बोगद्याचं काम चालू आहे, तो चालू झाला की जलद गाड्या त्यातून जातील. तोवर साध्या तिकिटात घाट दिसतो.

युरेल पास (एकाच पासवर अनेक देशांतल्या गाड्या) घ्यावा का? तुमच्या या मार्गावर नको. पाचच मोठे प्रवास, सगळे आधी ठरलेले. काही महिने आधी काढलेली तिकिटं बहुधा स्वस्त पडतात, आणि पास असला तरी टीजीव्हीला वेगळं रिझर्व्हेशन लागतंच. सकाळी उठून कुठे जायचं ते ठरवणाऱ्यांसाठी पास चांगला. साठीच्या पुढच्यांना त्यात दहा टक्के सवलतही आहे.

व्हिसाचं गणित रात्रींवर आहे. अर्ज त्या देशाकडे करायचा जिथे सर्वाधिक मुक्काम, आणि मुक्काम समसमान असेल तर जिथे पहिला प्रवेश. या आखणीत फ्रान्स पाच, जर्मनी चार, ऑस्ट्रिया नऊ. उतरणार पॅरिसला असलात तरी अर्ज ऑस्ट्रियाकडे. सहा महिने आधीपासून करता येतो. नंतर रात्री इकडच्या तिकडे करायच्या असतील तर हा हिशोब बिघडत नाही ना ते बघा, आणि तोवर हॉटेलं रद्द करता येणारी घ्या.

हा मार्ग पसंत नसेल तर याच पद्धतीची आणखी काही गावं, झटपट. ब्रसेल्स-ब्रूज लाइनवर मधेच गेंट: २००९ पासून तिथे गुरुवार हा शाकाहाराचा दिवस म्हणून पाळला जातो, बाकी दिवशीही शाकाहारी खाणं सहज मिळतं. फक्त जुलैतला दहा दिवसांचा मोठा उत्सव टाळा. व्हेनिसऐवजी पादोव्हा: अर्ध्या तासावर, आणि जुना इटालियन चित्रकार जोत्तो याने रंगवलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपेल, ज्याची वेळ आधी बुक करावीच लागते. प्रागपलीकडे ओलोमोउत्स. स्वित्झर्लंडला गेलात तर इंटरलाकेनऐवजी अर्धा तास अलीकडचं टून. इंटरलाकेनला २०१६ मध्ये यश चोप्रांचा पुतळा बसवला, यावरून आपल्याकडच्या बस कुठे थांबतात ते समजा.

आता तुम्ही करायचं ते या क्रमाने: दोघांनी रविवारचं बोलून घ्या, मग तारखा पक्क्या करा, मग ऑग्सबुर्ग आणि ग्राझचे मंगळवार-शनिवारचे रेट बघा. ते ठीक दिसले तर विमान काढा, आणि मग तिकिटांमध्ये सगळ्यात आधी पॅरिस-नान्सी, कारण त्याचे भाव सगळ्यात भराभर चढतात. तारखा कळवल्यात तर स्टुटगार्टला कुठली गाडी सोडून कुठली घ्यावी ते बघून सांगतो.